रिकाम्या घरांचा रकाना

ते झोपलेले असतानाच मी त्यांना पहिल्यांदा पाहिले.

चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका विकास गटात सांख्यिकी सहायक म्हणून माझी नेमणूक झाली होती. पंचवार्षिक योजनांचे ते दिवस होते. ‘गट’, ‘तूट’, ‘लक्ष्यांक’ असे शब्द बैलबंडीत बसून जंगलातल्या गावांपर्यंत पोहोचत होते, आणि नागपूरला अर्थशास्त्र शिकलेला मीही तसाच बंडीत बसून पोहोचलो. कचेरीत कोणी नव्हते. व्हरांड्यात तंबाखू मळत बसलेल्या शिपायाला मी भीत भीत विचारले, “साहेब?”

“शाळेत हायेत.”

“तपासणी चालू आहे का?”

“हो जी. निजून राह्यले.”

नवी शाळा गावाबाहेर, पळसाच्या झाडांत होती. भिंतींचा चुना अजून ओला होता. वर्गाच्या मधोमध सतरंजी अंथरून, छातीवर टोपी ठेवून, एक उंच, हडकुळा गृहस्थ इतक्या निर्धास्तपणे झोपला होता की, मी नेमणुकीचा हुकूम हातात धरून दारातच उभा राहिलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे आले होते आणि ते त्यांच्या अंगावरून हळूहळू सरकत होते. कवडसा टोपीवर आला तेव्हा, डोळे न उघडताच ते म्हणाले, “उभे काऊन जी? शाळेत उभं राहाची शिक्षा असते.”

मी बसलो. ते उठले नाहीत. आढ्याकडे पाहत म्हणाले, “छत बरं आहे. पण पश्चिमेच्या खिडकीतून झळ येते. शेवटच्या तासाले पोरं पेंगतीन. लिहा.”

सरकारी नोकरीत मी लिहिलेले पहिले वाक्य ते होते.

आमच्या गटाचे ते प्रमुख होते. बांधून पूर्ण झालेली कोणतीही इमारत, मग ती शाळा असो, बियाण्याचे कोठार असो की एखाद्या शेतमजुराचे घर, तीत दुपारची झोप घेतल्यावाचून ते ‘पूर्ण’ या शब्दाखाली सही करीत नसत. “भिंत खोटं बोलते जी,” ते म्हणत. “दार खोटं बोलते. झोप नाई बोलत.” घर कोणाचेही असो, मालकाची परवानगी ते अगदी रीतसर मागत. “बाई, तुमच्या घरात घडीभर निजू काय?” असे एका साहेबाने विचारल्यावर बायका आधी पदर तोंडाला लावून हसत आणि मग लगबगीने जमीन झाडून देत. ते आत जात, सतरंजी पसरत आणि निजत. मी बाहेर एखाद्या झाडाखाली बसून राही. त्या दुपारी माझ्या आठवणीत एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणते गाव, कोणते झाड, काही वेगळे काढता येत नाही. दूर कुठेतरी कुऱ्हाडीचा ठोका पडे, तो थांबे, आणि तो थांबल्यावरच आपण ऐकत होतो हे ध्यानात येई.

जागे झाल्यावर ते बोलत ते टिपून घेणे हे माझे काम. “डोक्याशी ओल.” “शेजारचं भांडण ऐकू येते, भिंत आणखी वीतभर हवी.” “बरं वाटलं.” असे शेरे वरच्या कचेरीत गेल्यावर तिथून लाल शाईत प्रश्न येत. एकदा ‘झोप लागली, याचा अर्थ काय?’ अशी विचारणा आली. त्यांनी तिच्याखाली लिहिले, ‘जो आहे तोच.’

घरात गेल्यावर ते आणखी एक गोष्ट पाहत. वरच्या तुळईला पाळण्याची दोरी बांधता येईल का, हे ते हाताने लोंबकळून पाहत असत. त्यांच्या उंचीचा माणूस तुळईला लटकलेला पाहून लहान मुले पळून जात. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हते. पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, एवढे शिपायाकडून कळले. त्यांनी स्वतः तो विषय कधी काढला नाही, आणि मी विचारण्याचे धाडस केले नाही.

त्यांच्यासाठी सरकारने बांधलेल्या बंगलीची गोष्ट गटात सर्वांना ठाऊक होती. त्यांनी तीत दोनदा झोपून पाहिले, झोप लागली नाही, सही अडली. ठेकेदार हवालदिल झाला. तिसऱ्या खेपेला त्याने आपल्या घरचा पलंग, कापसाची जाड गादी आणि वाळ्याचा पडदा आणून ठेवला. साहेबांनी दारातूनच पाहिले.

“गादीवर तं मी स्टेशनातही झोपतो,” ते म्हणाले. “गादी काढा. घर दाखवा.”

अखेर ती बंगली त्यांनी गटाच्या दाईबाईंना दिली आणि स्वतः विश्रामगृहाच्या एका खोलीत राहिले. बंगलीत दाईबाई पहिल्याच दिवशी घोरल्या, असा निरोप आला, तेव्हा त्यांनी समाधानाने सही केली.

हाताखालचे लोक त्यांची टिंगल करीत. शेतीकडे पाहणारे आमचे विस्तार अधिकारी एकदा मोठ्याने म्हणाले, “आमच्या साहेबाले सरकार निजाचा पगार देते.” साहेब शेजारच्याच खोलीत होते. तिथूनच उत्तर आले, “अन् तुमाले जागं राहाचा देते. धान कुठी वाढलं जी?” त्यानंतर दोघांनी मिळून चहा घेतला. आळशी मात्र त्यांना कोणी म्हणू शकत नव्हते. गटाची जीप सोडून ते पायी हिंडत, आणि मोह, ऐन, तेंदूच्या त्या रानातून त्यांच्यामागे चालताना माझी फार दमछाक होई.

दुसऱ्या योजनेत खेड्यांतील घरबांधणीचे लक्ष्यांक ठरवण्याचा हुकूम आला. पद्धत सोपी होती. गावाच्या लोकसंख्येला पाचाने भागायचे, म्हणजे कुटुंबे आली; तितकी घरे हवीत. त्यांतून या कुटुंबांची राहती घरे आणि गावातली रिकामी घरे वजा करायची. उरेल ती तूट. तुटीचा जो हिस्सा या योजनेत भरून काढायचा, तो त्या गावाचा लक्ष्यांक. एकदा ठरलेला लक्ष्यांक पुढच्या योजनेपर्यंत बदलणार नव्हता. या आकड्याला आमच्या भागात एक वेगळेच वजन होते. घरासाठी लागणाऱ्या बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, आणि बांबू जंगलखाते सवलतीने देई, पण ते गावाच्या लक्ष्यांकात असतील तितक्याच घरांना. ज्या गावाचा लक्ष्यांक शून्य, त्या गावातल्या माणसाने जंगलात राहून घरासाठी एक खांब तोडला तरी तो गुन्हा होता.

मी मन लावून तक्ता तयार केला. वैनगंगेपलीकडच्या एका गोंड गावापाशी आकडेमोड उलटी आली. तिथे कुटुंबांपेक्षा घरे जास्त होती. ‘रिकामी घरे’ या रकान्यात ग्रामसेवकाने पाच-सहा घरे दाखवली होती. संपूर्ण गटात घरांची तूट नसलेले एक तरी गाव निघाले, याचा मला मनातून आनंद झाला होता.

साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि ते बराच वेळ उचलले नाही.

“घरं जास्त, माणसं कमी,” ते म्हणाले. “मग माणसं कुठी गेली जी?”

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंग्यातून नदी ओलांडली.

मोह गळण्याचे दिवस होते. सबंध रानात तो गोड, जड वास भरून राहिला होता आणि चालता चालता डोळे मिटू लागत. गाव आले ते न सांगता आले. झाडे जरा विरळ झाली आणि त्यांच्यात घरे उभी होती, इतकेच. गायता, म्हणजे गावाचा म्होरक्या आणि पुजारीही, आम्हांला आपल्या अंगणात घेऊन गेला. त्याच्या एका छपराखाली तीन चुली होत्या. मुले, कोंबड्या, टोपल्या यांतून आत पाऊल ठेवायलाही जागा नव्हती.

“एवढे लोक एका घरात?” मी विचारले.

“कुठी जातीन, बाबू?” गायता म्हणाला.

अंगणात एक तरुण बांबू सोलत होता. त्याचे नाव दसरू. गायत्याची मुलगी बुधरी हिच्यासाठी तो त्या घरी राबायला राहिला होता. त्या लोकांत ही रीत होती: मुलीच्या बापाला द्यायचे देज जवळ नसेल तर मुलाने काही वर्षे होणाऱ्या सासऱ्याच्या शेतात राबायचे, आणि मुदत भरली की स्वतःचे घर बांधून मुलीला तिथे न्यायचे. दसरूची मुदत केव्हाच भरली होती. घर नव्हते, म्हणून लग्न नव्हते.

“मागच्या साली बल्ल्या तोडल्या व्हत्या त्यानं,” गायता सांगू लागला. “जंगलाचा नाकेदार आला, समद्या घेऊन गेला. म्हन्ते, कागुद दाखव. आता अखीन तोडल्या तं दसरूलेच नेतो म्हन्ते.”

“नेऊ दे,” उंबऱ्याशी मोहाची फुले पसरत बसलेली बुधरी मान वर न करता म्हणाली. “जेलात तरी खोली भेटन.”

साहेब मोठ्याने हसले. दसरू हसला नाही. तो बांबू सोलत राहिला, पण त्याचे कान आमच्याकडे होते. माझ्या कातडी पिशवीत तो तक्ता होता, आणि त्या तक्त्यात याच्या गावापुढे मी शून्य लिहिले होते.

“अन् ती घरं?” साहेबांनी विचारले.

गावाच्या पलीकडच्या टोकाला, जरा वेगळी, पाच-सहा घरे ओळीने उभी होती. कुडाच्या भिंती शाबूत होत्या, छपरावरचे गवत काळे पडले होते. अंगणांत हिरवळ वाढली होती. साहेब उठले, तिकडे चालू लागले, आणि पहिल्या घरापाशी जाऊन त्यांनी शिपायाच्या खांद्यावरची सतरंजी मागितली.

“घडीभर निजतो जी इथी. चालन?”

गायता घाईने पुढे आला. “नोको साहेब. तिथं नोका निजू.”

“काऊन?”

“जागा नाई. भरलं हाय.”

मी आत डोकावून पाहिले. तीन दगडांची चूल, आढ्याला टांगलेला एक भोपळा, कोपऱ्यात सूप. माणूस कोणी नव्हते.

“कोन राह्यते?” साहेबांनी विचारले. त्यांचा आवाज खाली आला होता.

“इथी माही बहीन,” गायता म्हणाला. “तिचा घरवाला. दोन लेकरं. बाजूले पांडू, अन् त्याची माय. तिकडं...” आणि तो एकेका दाराकडे हात करून नावे सांगत गेला, जशी पाहुण्याला शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी. “देवी आल्या व्हत्या त्या साली. हे गेले. जे उरले ते आमच्याकडं आले.”

देवीच्या साथीत ज्या घरात माणसे गेली, ते घर त्या गावाने त्या माणसांनाच ठेवले होते. मी नको ते बोलून गेलो. “निदान त्यांच्या बल्ल्या तरी काढून घेता येतील. दसरूचे घर होईल.”

गायत्याने माझ्याकडे रागाने पाहिले नाही. मी लहान मूल असावे तसे पाहिले. “कोनाचं घर मोडून आपलं घर बांधते काय, बाबू?”

साहेबांनी सतरंजी गुंडाळून शिपायाकडे परत दिली. टोपी काढली. ओसरीवर कोणी वडीलधारे बसले असता आपण जाता जाता जितके वाकतो, तितकेच ते त्या दाराशी वाकले आणि निघाले. त्यांच्यासोबत काढलेल्या सर्व दिवसांत, ते घरापर्यंत जाऊन न निजता परतले असे तेव्हा एकदाच घडले.

डोंग्यात बसल्यावर ते म्हणाले, “रिकामी घरं, निरंक.”

“पण साहेब, कोण राहते असे विचारले तर?”

“जे राह्यते ते.”

“ते तर...”

“तुमी पाह्यलं ना जी? चूल होती. सूप होतं. आन् घरधनी नको म्हणाला. रिकाम्या घरात निजाले कोनी नाई म्हणते काय?”

मी निरंक लिहिले. रिकामी घरे निरंक झाल्यावर ती वजाबाकीतून गेली, गावाची तूट निघाली आणि लक्ष्यांकही निघाला. आठवडाभरात तक्ता परत आला. जिल्ह्याच्या नियोजन अधिकाऱ्यांनी लाल शाईत लिहिले होते: ग्रामसेवकाच्या माहितीशी विसंगत. आणि खाली, स्वतः पाहणी करीन, असे होते.

ते आले. राज्याची फेररचना झाल्यावर पश्चिमेकडून आमच्याकडे आलेले, नेटके, बुद्धिमान गृहस्थ होते. वाईट मुळीच नव्हते. नदी ओलांडून, पायी चालून, घामाघूम होऊन ते त्या ओळीपाशी पोहोचले. सारे गाव दूर झाडांखाली उभे होते. दसरू सगळ्यांत मागे होता. बुधरी मात्र पुढे येऊन, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

“हे घर रिकामे आहे,” नियोजन अधिकारी आत पाहून म्हणाले. “भिंती उत्तम आहेत. श्रद्धा मी समजू शकतो, पण मी श्रद्धेला बल्ल्या मंजूर करू शकत नाही. वर मला आकडा द्यावा लागतो.”

“बरोबर आहे जी,” आमचे साहेब म्हणाले. “आपण थकले आहात. इथीच पडा घडीभर. आपल्याले झोप लागली, तं मी ‘रिकामं’ लिहितो. माही सही, माही जबाबदारी.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“गटात दुसरी पद्धत नाई आमची.”

नियोजन अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. मग ते हट्टाने म्हणाले, “ठीक आहे. अंथरा.”

शिपाई सतरंजी घेऊन जागचा हलेना. तेव्हा गायता पुढे झाला. मला वाटले, तो आडवा येईल. पण तो दाराशी गेला, उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला आणि आतल्या अंधाराकडे तोंड करून गोंडीत हळू आवाजात काही बोलला. मध्येच थांबला, जणू पलीकडून कोणी विचारले. पुन्हा बोलला. उठून त्याने नियोजन अधिकाऱ्यांना अदबीने सांगितले, “सांगतलं मी त्याईले. म्हन्लं, मोठा साहेब हाय, लंबा चालून आला. लेकराईले जरा सरकवून घ्या, त्याले पडाले जागा द्या. हो म्हन्ते. जा तुमी.”

ते उंबऱ्यापर्यंत गेले. एक हात त्यांनी चौकटीवर ठेवला. मोहाचा वास सर्वत्र दाटून होता, रानात एकही पान हलत नव्हते, आणि आम्ही सर्व जण, जंगलातली माणसे आणि सरकारी माणसे, एकाच दाराकडे पाहत उभे होतो. त्या क्षणी ते घर मलाही भरलेले दिसले, असे मी म्हणणार नाही. पण ते रिकामे आहे असे मी म्हणू शकलो नसतो.

हात तसाच चौकटीवर ठेवून ते म्हणाले, “आज नको. जेवण जरा जड झाले आहे.”

आम्ही कोणीही अजून जेवलो नव्हतो.

“लेकरे किती वर्षांची होती?” त्यांनी थोड्या वेळाने गायत्याला विचारले.

गायत्याने हाताने उंची दाखवली. एक गुडघ्याएवढे, एक त्याहून लहान.

नियोजन अधिकारी मोहाखाली जमिनीवरच बसले, माझ्याकडून तक्ता मागून घेतला, आणि आपल्याच लाल शाईच्या ओळीवर रेघ ओढून सही केली. परतताना ते आमच्या साहेबांना म्हणाले, “तुमच्याविषयी मला वर लिहावे लागेल.” साहेब म्हणाले, “लिहा जी.” त्यांनी लिहिले असावे, कारण पुढच्याच वर्षी साहेबांची बदली दूर सिरोंच्याकडे झाली. तिथे तेलुगू बोलणाऱ्या बायकांना झोपेची परवानगी कशी मागायची हे त्यांनी शिकून घेतले, असे ऐकले. त्यांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही.

बदलीपूर्वी त्या गावी मात्र आम्ही एकदा जाऊन आलो. जंगलखात्याचा शिक्का बसलेल्या बल्ल्यांवर दसरूचे घर उभे राहिले होते. लग्न होऊन गेले होते. बुधरी ओल्या मातीच्या हातांनी भिंत सारवत होती आणि दसरूला, तो बांधत असलेल्या कुंपणावरून, काहीबाही बोलत होती. सरकारी नकाशाप्रमाणे बांधल्याचा दाखला मला भरायचा होता. खोली, ओसरी, धूर जायची वाट, सर्व ठीक होते. ‘दार: रस्त्याकडे’ या कलमाशी मी अडलो. गावाला येणारी एकच बंडीची वाट होती, आणि घराने तिच्याकडे सरळ पाठ केली होती.

“दार तिकडे का केले?” मी बुधरीला विचारले.

“आत्याचं घर तिकडं हाय ना,” ती म्हणाली. “सांजेले दिवा लावतो मी. तिले दिसाले नोको?”

मी वळून पाहिले. तिच्या नव्या दारापासून त्या जुन्या ओळीतल्या पहिल्या घरापर्यंत गवत दबून एक बारीक पायवाट पडली होती.

टोपी हातात घेऊन साहेब कुडाला टेकून उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते.

मी कलमापुढे लिहिले: ‘रस्त्याकडे’.